बर्फातला तंबू

दोन हजार सालाच्या सुमारास शाळेतल्या नोकरीसाठी मी तारकर्लीत एकटी राहत होते. घरमालकीण मासे विकायची. तिचा नवरा मासेमारीला गेला, त्याची होडी पुढे किनाऱ्याला लागली, पण तो आला नाही. वर्ष उलटलं तरी ती घरच्यांना त्याचे दिवस घालू देत नव्हती.

पावसाळ्यात मासेमारी बंद असली की ती दुपारी माझ्याकडे टीव्ही बघायला येई. एकदा जुना इंग्रजी चित्रपट लागला. दक्षिण ध्रुवावर पोचलेली पाच माणसं परतीच्या वाटेवर बर्फात एकेक करून मरतात. शोधायला गेलेले लोक शेवटच्या तिघांवर त्यांचाच तंबू पाडतात, वर बर्फ रचतात आणि क्रूस उभा करतात.

"बाई, ह्या खराच घडला?" तिने विचारलं.

"हो. कित्येक महिन्यांनी सापडले ते."

"गावले तरी," ती म्हणाली. "आमचे अजून गावाक नाय."



त्याच आठवड्यात तिने दिराला बोलावून घेतलं. दर्भाचा पुतळा करून त्याने किनाऱ्यावर अग्नी दिला. मी जरा लांब उभी होते. ती रडली नाही, आग विझेपर्यंत तिथेच बसून राहिली.

मग ती माहेरी गेली आणि दिवाळीपर्यंत परतली नाही. तोवर रोज दुपारी मी टीव्ही लावून ठेवायचे, पण बघायचे नाही. घरात कुणीतरी बोलत असावं, एवढंच.