काचेवरून पुसलेली रेघ

भूतबित माझ्या वाटेला जात नाही – माझ्या तोंडाला घाबरत असावं! नवससायास, अंगारेधुपारे... मी त्यातली नव्हेच. तरी सांगतेय, कारण मी स्वतः तिथे उभी होते.

नव्वदीची सुरुवात. पनवेलला बाजाराजवळ, पहिल्या मजल्यावर आमची छोटी लॅब. मूल होत नाही म्हणून आलेल्या पुरुषांचं वीर्य तपासायचो. आमच्या सरांना त्यातल्या प्रोटीन्सचा भारी नाद. काचेवरच्या जेलमध्ये, म्हणजे जेलीसारख्या पातळ थरात, प्रत्येकाचा नमुना वेगळ्या रांगेत सोडायचा, करंट द्यायचा, रंग चढवायचा – की एकेका प्रोटीनची निळी रेघ उमटते.

उरणकडचा मोरेश्वर, मासेमारी करणारा. नमुना अंगाच्या उबेत आणायचा असतो, तर या बाबाने बाटली चक्क बर्फात पुरून आणली!

"अहो, हे काय?"

"ताई, म्हावरा आमी बर्फातच ठेवतो. ताजा ऱ्हातो ना!"

मी कपाळावर हात मारला. सर मात्र खूश. "प्रोटीनला बर्फच बरा. उरलेलं जपून ठेवा."

शुक्रजंतू एकही निघाला नाही. आता सगळी मदार एका रेघेवर. ती नसेल तर बीज बाहेर यायची वाट बंद आहे, ऑपरेशनने उघडता येईल. असेल तर वाट मोकळी, पण बीजच तयार होत नाही – इलाज संपला. तसं झालं तर बायकोला मोकळं करायचं, हे मोरेश्वरने ठरवूनच टाकलेलं. "दोष माजा हाय. तिनी का वांझ म्हनून घ्यावा?"

रेघ होती. चांगली ठळक. सरांनीही पाहिली.

तो बोटीवर गेलेला, म्हणून निकालाला त्याची बायको सुगंधा आली. मी तिला जेलमधली ती रेघच दाखवली, तिचा अर्थ सांगितला.

"ही नसती तर आपरेशन झाला असता?"

"हो गं."

तिने ट्रेवरच्या काचेच्या झाकणावरून बोट फिरवलं, पाटी पुसावी तसं. "मंग नको ती."

तिला घेऊनच चहा सांगायला बाहेर गेले. परत येऊन बघते तर – त्याच्या रांगेतली ती रेघ गायब! शेजारच्यांच्या रेघा जागच्या जागी, झाकण जसंच्या तसं.

सरांनी मलाच झापलं. मग बर्फातलं उरलेलं पुन्हा लावलं. रेघ नाही.

ऑपरेशन झालं. वाट खरंच बंद निघाली. पुढे सुगंधा गुटगुटीत लेक कडेवर घेऊन लॅबमध्ये हजर! पोरीने आल्या आल्या माझं बोट पकडलं.

"काय केलंस गं तेव्हा?"

"काय नाय ताई. नको होती, पुसली."

सर म्हणायचे, रांगा बदलल्या असतील. मग आम्ही दोघांनी पाहिलेली ती रेघ नंतर गेली कुठे? मला आजही ठाऊक नाही. पण तेव्हापासून वाईट रिपोर्ट मी लगेच टाईप करत नाही. आधी एक चहा होऊ देते.