दाढीचं डोक्यावर

पूर्ण भूल दिलेल्या ऑपरेशनचे किस्से फारसे होत नाहीत. पेशंट झोपलेला, डॉक्टर घाईत, सिस्टरचं लक्ष नाडीकडे. केसांच्या ऑपरेशनचं तसं नाही. तिथं फक्त कातडी बधिर करायची. माणूस टक्क जागा, आणि काम अर्धा दिवस चालणारं. डॉक्टर एकेक केस मुळासकट काढणार, मी तो भिंगाखाली साफ करून सलाइनमध्ये ठेवणार, मग डॉक्टर तो नव्या जागी लावणार. हात सगळ्यांचे गुंतलेले, तोंडं मात्र मोकळी. अशा वेळी माणूस बोलायला लागतो.

नव्वदच्या दशकात नगरला कुलथे सरांच्या छोट्या हॉस्पिटलमध्ये मी थिएटर सिस्टर होते. सर प्लास्टिक सर्जन. भाजलेल्या पेशंटचं काम जास्त, केसांचं अधूनमधून. तिथले किस्से इतके साठलेत, की आजही जुन्या स्टाफमधल्या आम्ही दोघी-तिघी भेटलो की चहा गार होतो. आणि सुरुवात कुणापासूनही झाली तरी बोलणं हमखास विलासवर येतं.

* * *

विलास मूळचा सोनईचा. नागापूरला एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला होता, तिथंच खोली घेऊन बायकोबरोबर राहायचा. एक दिवस गरम केमिकलचा पाइप निसटला आणि डोक्यावर आला. जीव वाचला, डोळा वाचला. पण उजव्या बाजूचं अर्धं डोकं नुसतं गुळगुळीत, चकाकणारं कातडं झालं, आणि उजवी भुवई गेली ती गेलीच.

आमच्याकडे आला तेव्हा बाहेर कडक ऊन आणि याच्या डोक्याला लोकरीची माकडटोपी. सरांनी ती काढायला सांगितली तर आधी मागं वळून दार बंद आहे ना ते बघितलं.

नेहमीच्या पद्धतीत डोक्याच्या मागचे केस काढून पुढं लावतात. याचा मागचा भागही बराचसा भाजलेला, तिथून घ्यायला काही उरलं नव्हतं, आणि डावीकडचे काढले तर ती बाजूही विरळ पडली असती. परदेशात कुणी कुणी दाढीचे, छातीचे केस डोक्यावर लावून बघतायत असं सरांच्या कानावर होतं. स्वतः त्यांनी कधी केलं नव्हतं. त्यांनी ते विलासला सरळ सांगितलं. मी पहिल्यांदाच करतोय, जगतील की नाही माहीत नाही, आधी थोड्याशा जागेवर लावून बघू. तोपर्यंत दाढी वाढव, म्हणजे कुठले केस चांगले आहेत ते मला दिसेल.

विलासनं दाढी वाढवली. सोनईला गेला तर गावाला वाटलं, एवढ्या अपघातातून वाचला म्हणून पोरानं देवाला दाढी बोललीय. शेजारची म्हातारी त्याला ओट्यावर गाठून विचारायला लागली, की बाबा, नवस कुणाचा?

विलास म्हणाला, "कुलथे डॉक्टरचा."

* * *

पहिल्या दिवशी टेबलावर सुरुवातीला तो एक शब्द बोलला नाही. हनुवटीखालचे केस काढून झाले, तोंडावर हिरवं कापड टाकलं, सर डोक्याच्या बाजूला बसले. व्रणाच्या कातडीत छेद घ्यायचा म्हणजे अवघड. ती चिवट असते आणि रक्तही कमी. सर फार सावकाश काम करत होते.

बराच वेळ गेला आणि कापडाखालून आवाज यायला लागला. तो अपघाताचं सांगत होता. पाइपमधून आधी शिट्टीसारखा आवाज आला, त्यानं वर बघितलं. डोक्यावर पडलं ते आधी गार लागलं, इतकं गार की त्याला वाटलं पाणीच आहे. मग शेजारी काम करणाऱ्या जोडीदारानं त्याला ओढत नळाखाली नेलं. त्या ओढण्यात जोडीदाराचे तळहात सोलून निघाले, पण त्यानं धरलेलं सोडलं नाही. हे सगळं तो कुणाच्या तोंडाकडे न बघता, कापडाखालून, एका सुरात सांगत होता. त्याची बायको शालन मला नंतर म्हणाली, की हे त्यानं तिलाही कधी सांगितलं नव्हतं.

ऐकता ऐकता सरांचे हात थांबले. माझंही भिंगाखालचं काम थांबलं होतं.

कापडाखालून विलास म्हणाला, "सर, तुमी थांबू नका. तुमी थांबला की मी पन थांबतो."

सरांनी पुढचा केस उचलला.

* * *

विलासच्या वडिलांना सगळे अण्णा म्हणायचे. सोनईला दुधाचा धंदा, बोलणं मोजकं, आणि मिशा अशा की बोलणाऱ्याचं लक्ष आधी तिकडंच जावं. पोराच्या दाढीतनं फारसे केस निघत नाहीत, त्याची दाढी विरळच, हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं. एका सकाळी ओपीडी उघडायच्या आधीच ते पायरीवर येऊन बसले होते. मी ओळखलंच नाही. ओठावर पांढरट पट्टा होता, मिशा नव्हत्या.

सरांसमोर त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला आणि टेबलावर उघडला. आत मिशा होत्या, धुऊन, पुसून, नीट एका अंगाला लावलेल्या.

"जाड हायेत," ते म्हणाले. "टिकतील."

 सर खुर्चीतून उठून त्यांच्या शेजारच्या बाकावर येऊन बसले आणि त्यांना समजावून सांगितलं. कापलेला केस लागत नाही, मूळ लागतं. आणि मूळ दिलं तरी दुसऱ्याचं चालत नाही, अंग ते टाकून देतं, मग तो दुसरा सख्खा बाप का असेना. ज्याचं त्यालाच लागतं.

अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. दाराशी गेल्यावर मागं वळून त्यांनी एवढंच विचारलं, "अंगाला कसं कळतं, दुसऱ्याचं हाय म्हणून? मला तर माझं-त्याचं कधी कळलं न्हाई."

 त्या दिवशी पहिला पेशंट आत घ्यायला मला जरा वेळ लागला.

* * *

लावलेले केस काही आठवड्यांनी गळतात. मूळ आत राहतं, वरचा केस जातो, आणि मग तीन-चार महिने काहीच दिसत नाही. हे सरांनी आधी चारदा सांगितलं होतं, मीही सांगितलं होतं. तरी केस गळायला लागले तसा विलास काडेपेटीत गोळा करून घेऊन आला. पेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "गेले."

मी परत सगळं समजावलं. त्यानं मान हलवली, पण डोळे काही हलले नाहीत. माकडटोपी, जी त्यानं मध्यंतरी सोडली होती, ती परत डोक्यावर चढली. पुढच्या तपासणीला आलाच नाही. सर बाहेरून शांत दिसायचे, पण मला त्यांची सवय माहीत. दर चार दिवसांनी सहज विचारल्यासारखं विचारायचे, "नागापूरकडून कुणी आलं होतं का?" त्यांनाही खात्री नव्हतीच. व्रणावर दाढीचे केस जगतात का, हे नगरमध्ये विचारायचं कुणाला?

पावसाळा संपता संपता एक दिवस शालन एकटीच आली. रिक्षातून उतरली ती तडक माझ्याकडे. चेहरा असा की मला वाटलं काहीतरी वाईट झालंय. मला ओढत औषधांच्या कपाटामागे नेलं. विलास कुणाला डोक्याला हात लावू द्यायचा नाही, पण आज सकाळी डोकं दुखतंय म्हणून तेल चोळायला बसला होता. ती चोळत होती आणि मध्येच तिचा हात थांबला.

तिनं आपला उजवा तळहात माझ्यापुढं धरला, जणू तिथं काही दिसणार होतं.

"शिश्टर," ती म्हणाली, "टोचतंय."

* * *

मग दोन-तीन बैठका झाल्या. हनुवटीखालचे संपले तेव्हा छातीवरचे थोडे घेतले. दाढीचे केस डोक्यावर राठ आले, छातीचे आखूड आणि वळणाचे. विलासचं डोकं काही सिनेमातल्या हिरोसारखं झालं नाही. पण लांबून बघणाऱ्याला तिथं केस दिसायला लागले, आणि त्याला तेवढंच हवं होतं.

गोष्ट पसरली. शेवगावचे एक गुरुजी आले. टापटीप माणूस, डोक्यावर पुढं टक्कल, बाकी सगळं उत्तम. मुलीचं लग्न ठरलं होतं, व्याह्यांसमोर नीट दिसावं अशी इच्छा. सरांनी त्यांना समजावलं, की छातीचे केस डोक्यावर लावले तरी छातीवर वाढतात तेवढेच वाढणार, भांग पडणार नाही. गुरुजी ऐकेनात. शर्टाची वरची बटणं काढून दाखवायला लागले, की बघा, केवढा स्टॉक आहे.

"गुरुजी," सर म्हणाले, "तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. ते फक्त मोकळं झालंय."

गुरुजी रागावले नाहीत, पण बाहेर येऊन बाकावर बसले ते उठेनात, सरांना परत भेटतो म्हणाले. त्याच वेळी विलास तपासणीला आला. घामानं हैराण झालेला, शेजारी येऊन बसला आणि टोपी काढून डोकं पुसायला लागला. उजवी बाजू अजून अर्धीच भरली होती. मधूनमधून व्रण चकाकत होता.

मी गुरुजींना बोलवायला गेले, तुमचा नंबर म्हणून. गुरुजी शर्टाची बटणं लावत उठले.

"यांना आधी घ्या," ते म्हणाले. आणि परत काही आले नाहीत. लग्नाची पत्रिका मात्र सरांना आली.

* * *

भुवई सगळ्यात शेवटी केली. भुवईला डोक्याचा किंवा दाढीचा केस लावला तर तो वाढत बसतो, सारखी कात्री लावावी लागते. केस जिथून आणाल तिथली सवय घेऊन येतो. म्हणून सरांनी पायाचे निवडले, गुडघ्याखालचे, बारीक आणि कमी वाढणारे. नाजूक काम होतं. एकेक केस जवळजवळ आडवा बसवायचा, नाहीतर भुवई ब्रशसारखी उभी राहते.

तोपर्यंत विलास टेबलाला सरावला होता. पाय बधिर करताना मला म्हणाला, "शाळेत मास्तर म्हनायचे, विलासची अक्कल गुडघ्यात हाय. शिश्टर, आज ती डोळ्यापतुर तरी यील."

सर कधी मोठ्यानं हसत नसत. त्या दिवशी त्यांना हत्यार खाली ठेवावं लागलं.

भुवई उगवल्यावर तो कारखान्यात परत रुजू झाला. पहिल्या दिवशी गेटवर टोपी काढून हातात घेऊन आत गेला, असं त्याच्या जोडीदारानं सांगितलं. तोच, तळहात सोललेला. तो एकदा विलासबरोबर हॉस्पिटलात येऊन गेला. बराच वेळ नुसता सरांच्या हातांकडे बघत बसला होता.

* * *

यानंतर वर्षभरात अण्णा गेले. दूध घालून आले, ओसरीवर टेकले आणि तिथंच संपलं.

दोन दिवसांनी विलासनं सोनईच्या एसटीडी बूथवरून हॉस्पिटलात फोन केला. सूतक असल्यामुळे यायला जमत नव्हतं. त्याचा प्रश्न एकच होता. दहाव्याला डोक्यावरनं वस्तरा फिरवला तर केस परत येतील का?

सर म्हणाले, येतील, मुळं खोल गेलीत. पण व्रणाची कातडी पातळ आहे. वस्तरा लागला तर ती जखम महिना महिना भरणार नाही, चिघळली तर लावलेलंही जाईल. तू करू नकोस. तुला कुणी नावं ठेवणार नाही.

विलास "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

दहाव्याला सरांनी गाडी काढली, मीही बरोबर गेले. आमच्या घरी आजोबांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यापासून हे विधी बंद झालेले, त्यामुळे मी दहावा असा जवळून पहिल्यांदाच बघत होते. प्रवरासंगमाला नदीच्या काठी माणसं जमली होती. विलासच्या चुलतभावांची डोकी भादरून झाली होती. तो न्हाव्यासमोर येऊन बसला. न्हाव्यानं पाणी लावलं, डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि वस्तरा हातात तसाच धरून थांबला.

विलासचे काका पुढं झाले. अण्णांचे धाकटे भाऊ. त्यांनी न्हाव्याला सांगितलं, की चार केस काढ अन् सोड, ह्याला चालतं. मग विलासला म्हणाले, "तुला माफ हाय. तुझी आई गेली तवा न्हाई का तू तसाच बसला हुतास? कुनी काय म्हनलं का?"

विलासची आई अपघातानंतर चारच महिन्यांनी गेली होती. त्याच्या डोक्याच्या जखमाही तेव्हा पुऱ्या भरल्या नव्हत्या, उरलेले केसही ड्रेसिंगसाठी काढलेले होते.

विलास मान खाली घालूनच बोलला. "आईच्या येळंला द्यायला काय न्हवतं, काका. आता हाय."

 न्हाव्यानं माणसांकडे बघितलं, पण वस्तरा काही पुढं नेईना.

सर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटात ठेवले आणि पँट ओली होईल याचा विचार न करता ओल्या वाळूतून पुढं गेले. न्हाव्याच्या बाजूला उकिडवे बसले. डाव्या हातानं विलासच्या डोक्याची कातडी हलकेच ताणून धरली आणि उजव्या हाताचं बोट व्रणाच्या कडेवर ठेवलं.

"इथले केस मी मागच्या बाजूला कलते लावलेत," ते न्हाव्याला म्हणाले. "तसाच फिरवा."