नाटकातलं दार

शर्टांच्या कारखान्यात ती बटणं लावायची, म्हणून सगळे तिला बटणवालीच म्हणत. आपल्या मुलखात तिची स्वतःची शिलाईची दोन मशीनं होती. लढाई दारात आली तशी सगळं जिथल्या तिथं टाकून, नवरा, सासू आणि लेक घेऊन ती इथे आली. एका शाळेच्या हॉलमध्ये चादरी टांगून अशा माणसांना कोपरे करून दिले होते, त्यातला एक यांचा. शेजारी कोणी शिंकलं की सासूबाई तोंड पुसून घेत.

आता शाळेला हॉल परत हवा होता. महिनाअखेर रिकामा करा, असं शाळेचे लोक सांगून गेले. तेव्हापासून कारखाना सुटला की बटणवाली खोलीसाठी दारोदार फिरे. दार उघडे, आतलं माणूस तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळी आणि गोड बोलून दार लोटून घेई. वाईट कोणी बोलत नसे, तीच पंचाईत. भांडायचं तरी कुणाशी?

अशात एक नाटकवाली बाई आली. मनाची चांगली, पण बोलायला लागली की समोरच्याला दम खाऊ द्यायची नाही. तिने ठरवलं, एक नाटक बसवायचं, त्यात इथल्या लोकांनी निर्वासितांची कामं करायची आणि निर्वासितांनी इथल्यांची. म्हणजे एकमेकांचं दुखणं कळेल. बटणवालीच्या वाट्याला आली घरमालकीण. थाप पडली की दार उघडायचं आणि इथल्या भाषेत म्हणायचं, "या, आत या, घर तुमचंच आहे." संपलं काम.

"मिळालं बाई एकदाचं घर," सासूबाई म्हणाल्या. "भिंती नसेनात का."

पण बटणवालीचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. गल्लीच्या टोकाला एक विधवा बाई राहायची. तिच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. बटणवाली तिच्या दारावरून एकदा परत आलेली. नाटकवालीने त्या बाईला फार गळ घातली, तेव्हा ती म्हणाली, नाटकाला येते, माणसं बघते, मग सांगते. दुसरी आशा कुठे नव्हतीच. बटणवालीने ते एक वाक्य बटणं लावताना घोकलं, भांडी घासताना घोकलं. लेकीला झोपेतसुद्धा पाठ झालं.

नाटकाच्या दिवशी विधवा बाई पहिल्याच रांगेत बसली होती. थाप पडली. बटणवालीने कडी काढून दार किलकिलं केलं, समोर ती बाई दिसली आणि डोक्यातलं वाक्य भुर्रकन उडून गेलं. पडद्याआडून नाटकवाली हातवारे करत होती, बोल, सुचेल ते बोल.

आता इथल्या भाषेत तिला सुचणार काय? कारखान्यात दिवसभर मान खाली, तोंड बंद. इथली अख्खी वाक्यं तिच्या कानावर पडली होती ती दारांवरच. तीच बाहेर आली, एकामागून एक, अगदी गोड आवाजात.

"तुमचं फार वाईट वाटतं हो. पण आमच्याकडे पाहुणे यायचेत. शिवाय आमचा जिना फार उभा, तुमच्या सासूबाईंना झेपायचा नाही. माफ करा."

आणि तिने दार लोटून घेतलं.

लोक आधी हसले, मग उभे राहून टाळ्या वाजवू लागले. नाटकवालीच्या डोळ्यांना धार लागली. विधवा बाई मात्र बसूनच होती. जिन्याचं वाक्य तिचंच होतं, शब्दाला शब्द.

ती बाहेर पडायला निघाली तशी बटणवाली धावली, तिची बाही धरली. सांगायचं खूप होतं. मी तुम्हाला टोमणा नाही मारला, माझी जीभच माझ्या ताब्यात राहिली नाही. यातलं एक अक्षर त्या भाषेत येत नव्हतं. जे येत होतं ते ती म्हणाली, "माफ करा."

बाईचा चेहरा लालभडक झाला. "एवढ्या लोकांत केलीत ती नक्कल पुरे झाली," ती म्हणाली, बाही सोडवून घेतली आणि गेली.

नाटकवाली मागून येऊन गळ्यात पडली. काय काम केलंस, आणखी चार गावांत प्रयोग लावू, म्हणाली. 

महिना संपत आला होता. हॉलवर आल्यावर नवऱ्याने टांगलेली चादर काढली आणि घडी घालायला लागला. पहिली घडी चुकली, पुन्हा घातली.

"एक दार उघडायचं होतं गं तुला," तो म्हणाला. "तेही लाकडी फळीचं, खोटं."

बटणवालीने चादरीचं दुसरं टोक धरलं. "उघडणारच होते," ती म्हणाली.