एका कपातला चहा आणि माझी अन्ननलिका

मागच्या महिन्यात कर्वेनगरच्या घरी सकाळचा चहा घ्यायला बसलो. पहिल्याच घोटाला छातीत असा जाळ झाला की कप तसाच खाली ठेवला... पाणीसुद्धा काच गिळल्यासारखं उतरत होतं. अंगात तापही होता.

मी मुळात घाबरट. शिक्षण सातवीपर्यंत, पण मोबाईल वाचता येतो, तिथेच सगळा घोटाळा! शोधलं तर सगळ्यात वर कॅन्सरच...

मुलगा हिंजवडीच्या ऑफिसातून सुट्टी काढून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी तोंडातून दुर्बीण घातली. अन्ननलिकेत जखमा दिसल्या, म्हणून तुकडा तपासायला पाठवला. तुकडा म्हटल्यावर मी मनातल्या मनात आवराआवरच सुरू केली.

रिपोर्ट येईपर्यंत बायकोला, शालनला, पाण्याची मोटर कशी लावायची, सिलिंडर कसा बुक करायचा, सगळं शिकवलं. ती निमूट शिकली. एकदाच म्हणाली, "अहो, जायची एवढी घाई असेल तर माळ्यावरचं भंगार आधी काढा." पण माझ्याबरोबर तीही नुसत्या पेजेवर राहिली...

रिपोर्ट आला, तो ऐकायला शालनही सोबत आली. कॅन्सर नाही! हर्पिस नावाचा व्हायरस. डॉक्टर म्हणाल्या, "धडधाकट माणसालाही क्वचित होतो. गोळ्या घ्या, बरे व्हाल. घरात कुणाच्या ओठावर तापाचे फोड आले होते का?"

मी शालनकडे बघितलं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यावर खपली अजून होती... आमचं असं आहे, साखर जपायची म्हणून दोघांत एकच कप चहा. आधी ती पिते, उरलेला मी.

"तिथूनच आला असं नक्की नाही सांगता येत. अंगात दबलेला जुनाही उठतो," डॉक्टर म्हणाल्या. पण शालन कसली ऐकते! "आयुष्यभर माझं काही घेतलं नाही यांनी... आणि घेतलं ते हे!" डॉक्टरही हसल्या.

खपली जाईपर्यंत कप वेगळे ठेवायला सांगितलं होतं. खपली गेली, माझ्या गोळ्या संपल्या, वरणभातही जाऊ लागला. तरी शालन दोन कप मांडतच होती. मोटर आता तीच लावते, मला हात लावू देत नाही.

आज सकाळी मात्र एकच कप आला. अर्धा पिऊन तिने तो माझ्याकडे सरकवला.

गरम घोट सुखरूप खाली उतरला. आजवर किती घोट असेच उतरले असतील, आभार मानायचं कधी सुचलंच नाही.