आकडा सांगायचा नाही

आमच्या कॉलेजातल्या मॅडमनी मला बोलावून सांगितलं, की परदेशातल्या एका विद्यापीठाची इंटर्नशिप आहे, आरोग्य संशोधनाची, आणि ज्यांच्या घरातून आजवर कुणी अशा ठिकाणी पोचलेलं नाही अशाच मुलामुलींसाठी आहे. मी तेव्हा यवतमाळात एमएस्सी करत होते, शहराच्या लोहारा भागात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होते. घरी राळेगाव तालुक्यात कापूस आणि तूर. "तू नाही भरणार अर्ज, तर मग कोण भरणार?" मॅडम म्हणाल्या.

मुलाखत मोबाईलवर झाली. पलीकडच्या प्राध्यापकांनी विचारलं, फवारणी करणाऱ्या मजुरांवर काम करायचंय, तुला त्यातलं काय माहीत आहे? माझं इंग्रजी अडखळतं. तरी सांगितलं, की फवारणीच्या दिवशी बाबांचे कपडे आई हाताने उचलत नाही, काठीने उचलते. प्राध्यापकांनी ते वाक्य मला पुन्हा सांगायला लावलं. मला वाटलं, नेटवर्क गेलं.

निवड झाली. पहिला भाग इथल्या गावांत, दुसरा त्यांच्या प्रयोगशाळेत. बाबा म्हणाले, "इथंच फवारणी, इथंच रक्त, मंग तिकडे कायले जायचं?" पण पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा त्याला खुर्ची देऊन चहा त्यांनीच पाजला.

माझ्या जोडीला तिकडून एक मुलगी आली. मी कुणी उंच, गोरी मुलगी डोळ्यांसमोर आणली होती. आली ती माझ्याच रंगाची, माझ्याहून बुटकी. तिचे आईवडील मेक्सिकोतून अमेरिकेत गेलेले, फळबागांत तोडणीला जाणारे. घरातून कॉलेजात गेलेली तीही पहिलीच. पाठीवर पंप घेतलेल्या माणसांकडे ती टक लावून पाहत नसे. ते तिला नवं नव्हतं.

आमचं काम साधं होतं. फवारणीच्या औषधाने रक्तातलं एक एन्झाइम खाली येतं. बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, जेवणाच्या डब्याएवढ्या यंत्रात घालायचं, थोड्या वेळाने पडद्यावर आकडा येतो. पण हा आकडा माणसामाणसात मुळातच वेगळा असतो. फवारणीआधीचा माहीत नसेल, तर एका आकड्यावरून काही म्हणता येत नाही. म्हणून नियम होता : गावात कुणालाही आकडा सांगायचा नाही. कमी आला तर यवतमाळच्या डॉक्टर मॅडमना कळवायचं, त्या पुन्हा तपासतील आणि मग त्याच सांगतील. नियम मला पटला होता. आजही तो मूर्खपणाचा वाटत नाही.

पोळा होऊन गेला होता. कापूस छातीपर्यंत आलेला, पाऊस उघडलेला, हवा नुसती कोंदलेली. सगळीकडे फवारणी जोरात होती. आम्ही त्या दिवशी आईच्या माहेरच्या शेजारगावात होतो. त्यामुळे गावातला जो तो माझा मामा, नाहीतर मामी. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर यंत्र मांडून आम्ही बसलो होतो.

एक मामी आल्या. नवरा फवारायचा आणि त्या ड्रमात औषध कालवून त्याला पंप भरून द्यायच्या. सकाळपासून एक फेरी झाली होती. पदराने सारखे डोळे पुसत होत्या, चेहरा घामाने थबथबलेला. मी बोट टोचलं. पडद्यावर आला तेवढा खालचा आकडा आम्ही त्या आठवड्यात पाहिला नव्हता. माझ्या जोडीदारणीने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रक्त घालून यंत्र चालवलं. तोच आकडा.

"काय निंगालं व, पोरी?" मामींनी विचारलं.

"मामी, डॉक्टर मॅडम सांगतील."

"मंग मी जातो. मामा वावरात वाट पाहून राह्यले."

मी ओट्यावरून उतरून डॉक्टर मॅडमना फोन लावला. लागेना. दुसऱ्यांदा लावला, वाजत राहिला. मामी चपला घालत होत्या. इकडे माझी जोडीदारीण हळू आवाजात म्हणाली, "आपल्याला सांगता येत नाही." थोडं थांबून म्हणाली, "पण तिचे डोळे बघ."

मी मोबाईलचा टॉर्च लावला. मामींच्या डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. एवढा उजेड टाकला तरी जराही हलली नाही. विषबाधेची ही खूण आम्हाला शिकवलेली होती.

तेवढ्यात मामा पंप पाठीवर घेऊनच आले. "काहून बसवून ठेवलं हिले? अर्धा तुकडा फवारायचा बाकी आहे."

मी म्हणाले, "मामा, मामीले वावरात नेऊ नका. अंगात औषध उतरलं आहे. दवाखान्यात न्या लागते."

"कोन सांगते?"

"मशीन सांगते. मी सांगून राह्यली."

ओट्यावरची माणसं जवळ सरकली. मामा हसले, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. "दरवर्षी डोये चुरचुरते तिचे. तू कायले साऱ्या गावाले भेव घालून राह्यली?"

मामी उठायला गेल्या आणि ओट्याच्या कडेला पुन्हा बसल्या. म्हणाल्या, "मले मळमळ होऊन राह्यली." तोंडातून लाळ गळत होती आणि ती पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

त्यानंतर काय करायचं ते माझ्या जोडीदारणीला माझ्याआधी कळलं. "साडी बदलायला सांग, आधी अंग धुवायला," ती म्हणाली. तिची आई बागेतून आली की दारातच कपडे काढायची, अंग धुतल्याशिवाय पोरांना जवळ घेत नसे. बायकांनी टाकीजवळ लुगड्यांचा आडोसा धरला, साबणाने मामींना घसघसून धुतलं, कुणाची तरी कोरडी साडी नेसवली. प्रोजेक्टच्या बोलेरोत रक्ताचे नमुने ठेवायचा डबा होता. तो मांडीवर घेऊन मी पुढे बसले. मागे मामी, मामा आणि ती. रस्त्यात दोनदा उलटी झाली. मामींच्या दंडाचं मांस कातडीखाली थरथरत होतं. मामा एकच वाक्य बोलत होते, "झोपू नको व, झोपू नको."

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळ्यात पाहिलं आणि लगेच इंजेक्शन सुरू केलं. ते पुन्हा पुन्हा देत होते. ॲम्ब्युलन्स यवतमाळला निघाली तेव्हा मामींचा चेहरा लाल झाला होता आणि बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. औषध लागू पडतंय, असं नर्सने सांगितलं. दवाखान्याच्या पायरीवर आम्ही दोघी बसलो. ती रडत होती. मला रडू आलं नाही. मी रिकाम्या डोक्याने नमुन्यांच्या डब्यातला बर्फ वितळला का, ते पाहत होते.

मामी जगल्या.

पण दुसऱ्या दिवशी आम्ही गावाशी पोचलो तर लोकांनी फाट्यावरच गाडी अडवली. "बाई धडधाकट चालत आलती, तुम्ही सुई टोचली अन् आडवी झाली," एक जण म्हणाला. मी समजावत होते, ते ऐकत नव्हते. माझं आजोळ कुठलं, आई कुणाची, सगळं निघालं. मागे कुणीतरी दगड उचललेला मला दिसला. ड्रायव्हरने न विचारता गाडी मागे घेतली. त्या गावात नंतर कुणी बोट पुढे केलं नाही.

मग व्हिडिओवर बैठक झाली. प्राध्यापक चिडले नाहीत, तेच अवघड गेलं. एकेक प्रश्न शांतपणे विचारत होते. पुन्हा तपासणी होण्याआधी सांगितलंस? सगळ्यांसमोर सांगितलंस? अंगात औषध उतरलं, हेच शब्द वापरलेस? मी प्रत्येकाला हो म्हणत गेले. माझं तिकीट अजून काढलेलं नव्हतं. पदराला घाम पुसावा तसे मी तळहात ओढणीला पुसत होते.

माझी जोडीदारीण मध्येच बोलली. "सर, आम्हाला या कामावर घेतलंत, कारण आम्ही अशाच घरांतून आलो. मग तिथे बसून आम्ही त्या घरांतल्या नसल्यासारखं कसं वागायचं?"

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "फोन माझा लागला नाही. त्याचं काय करायचं ते नियमात लिहिलेलंच नव्हतं."

प्राध्यापकांनी विचार करून कळवतो म्हणून सांगितलं. ते दिवस मी कसे काढले ते आईला माहीत. मग नियम बदलला. आकडा खूप खाली आला, की त्याच वेळी बाजूला नेऊन त्या माणसाला सांगायचं, फवारणी थांबवायची, आणि डॉक्टर गाडीसोबतच असणार. त्या गावाचे सगळे आकडे मात्र अभ्यासातून काढून टाकले. गाव नको म्हणाल्यावर ते वापरता येत नव्हते.

मी गेले. तिकडच्या प्रयोगशाळेत भिंतीवर आमच्या भागाचा नकाशा लावलेला होता, गावागावावर ठिपके. मामींच्या गावावर ठिपका नव्हता. कुणी विचारलं की मी एवढंच सांगायचे, की तिथल्या लोकांनी नकार दिला. पुढचं सांगायला इंग्रजी पुरलं असतं, पण मन होत नसे.

परत आल्यावर आईबरोबर आजोळी गेले होते. वाटेत मामींचं घर लागतं. मामी दारात तूर पाखडत होत्या. उठून माझा हात धरला, चहा टाकला, आता औषधाला हात लावत नाही म्हणाल्या. मामा बाजेवर होते. मी आत आले तसे ते उठले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि मागच्या दाराने वावरात निघून गेले.

"त्यायचं तसंच आहे," मामी म्हणाल्या. "गाव अजून म्हणते ना, सुईनंच झालं म्हून." त्यांना स्वतःला काय वाटतं, ते मी विचारलं नाही.