खिंडीतले नव्वद घोडे

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर. जूनच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगते, कारण ज्या व्हिडिओमुळे तो झाला, तो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे आणि त्याखाली ती छापलेली आहे.

व्हिडिओत हिमालयातली एक उंच खिंड होती. बर्फ, लाल रंगाची दोन सीटांची स्पोर्ट्स कार आणि शेजारी तिचा मालक. नगरच्याच एका बँकेतला साहेब. त्याच्या हातात छोटं मीटर होतं, गाडीला जोडलं की इंजिनाची ताकद घोड्यांत, म्हणजे हॉर्सपॉवरमध्ये, सांगणारं. "नागापूरची बाई म्हणाली, दीडशे घोडे करून दिलेत. हे बघा. नव्वद! फसवलं मला." बाईच्या हातात इंजिन दिल्यावर काय होणार, असं मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

ती नागापूरची बाई म्हणजे माझी बहीण. एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं इंजिनं खोलते. या गाडीचं इंजिन उतरवून तिने आतले हवेचे रस्ते हाताने घासले होते, सायलेन्सर बदलला होता, पेट्रोलचं गणित नव्याने बसवलं होतं. दुपारपर्यंत व्हिडिओ जिल्हाभर फिरला. संध्याकाळी एक गिऱ्हाईक अर्धी खोललेली गाडी टोचन करून घेऊन गेलं. "तसं काही नाही हो ताई, घरचे म्हणतायत." दुसऱ्या दिवशी आणखी एक गेलं. लोक गाडी सोडून जातात ते हातावरच्या भरवशाने. तो गेला तर शेड उघडून करायचं काय?

माझा हात पत्रकं लिहून तयार झालेला. दोन तासांत मजकूर केला : 'बाईच्या कसबावर थुंकणाऱ्या साहेबा, जाब दे!' खाली हेही लिहिलं, की असला माणूस बँकेत काय दिवे लावत असेल. चाळीस प्रती कारखान्यांच्या भिंतींवर आणि बँकेसमोरच्या कंपाउंडवर चिकटवल्या. एक तिला नेऊन दिली.

तिने ती ऑइलच्या बोटांनी धरून शेवटपर्यंत वाचली.

"यात गाडीबद्दल एक ओळ न्हाई."

"प्रश्न गाडीचा नाहीच ताई. प्रश्न बाईच्या..."

"व्हय, पण दीडशाचे नव्वद का झाले ते सांग की. माझा हात चुकला असंल तर?"

मला तिचाच राग आला. तिने मात्र माझा मोबाईल घेतला आणि आवाज बंद करून तो व्हिडिओ बघत बसली. कितीदा बघितला कोण जाणे. शेवटी डॅशबोर्डवर बोट ठेवलं. तिथे वेफर्सचा पुडा होता, उशीसारखा टम्म फुगलेला.

"हे बघ. आत खालची हवा भरलेली हाय, भाईरची विरळ, म्हणून फुगलाय. आता आवाज लाव. एवढं बोलताना साहेबानं चारदा दम घेतलाय. त्याला श्वास पुरंना, गाडीला कुठनं पुरंल?"

"मग व्हिडिओत मागून त्याच्या मित्रांच्या गाड्या पुढे जाताना दिसतात, त्या कशा गेल्या?"

"त्यांना टर्बो हाय. पंख्यानं हवा दाबून भरत्यात. हिला न्हाई, हिनं ओढंल तेवढीच हवा." मग मोबाईल मला परत देत म्हणाली, "डोंगरात ताकद पडंल, हे मी त्यांना आधी सांगाया पायजे हुतं. ते राहिलं माझ्याकडनं."

झालं तर मग, हेच छापू, मी म्हटलं. ती म्हणाली, "छापायचं न्हाई. मोजायचं. त्यांच्यासमोर, त्यांच्याच मीटरवर."

साहेब परत आल्यावर तिने फोन करून पुड्याचं आणि हवेचं सांगितलं, शेडवर बोलावलं, आणि तो आलाही. मी भांडायच्या तयारीत होते. तो जुन्या टायरवर बसून चहा पीत म्हणाला, "बारा वर्षं या गाडीचा फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. त्या दिवशी मित्र एकेक करून पुढे गेले, वर टाटा करत." मला त्याची दया आली, आणि ती आल्याचाही राग आला.

नेवाशाकडे नदीकाठचा रस्ता जिल्ह्यात सखल, म्हणून पहिली मोजणी तिथे. ताई मीटर घेऊन बसली, साहेब चालवायला. मी लांबवर स्कूटीवर लाल रुमाल घेऊन उभी, रस्ता मोकळा आहे हे सांगायला. वाऱ्याचा फरक पडू नये म्हणून जाऊन-येऊन दोन्हीकडून मोजलं. दीडशेच्या वर दोन. पुन्हा दोन.

मग टाकीत तेवढंच पेट्रोल भरून पारनेरच्या पठारावर. तिथे एक बाबा शेरडं घेऊन थांबले.

"गाडी अशी जमिनीला टेकलीय, पंक्चर हाय का?"

"ताकद मोजतोय बाबा," मी म्हटलं.

"दोन माणसं बसत्यात अन् ताकद मोजताय? माझ्या पोराच्या टेम्पोत सोळा बसत्यात!"

पठारावर एकशे सत्तेचाळीस. पुन्हा सत्तेचाळीस. एकदा सेहेचाळीस. साहेबाने नदीकाठी घेतलेला वेफर्सचा पुडा दाबून पाहिला. "ताई, हाही थोडा ताठलाय."

"उगा काय बी बोलू नका, साहेब. पुड्यात फरक दिसंना. मीटरात दिसतोय."

त्याने मीटरवरचे आकडे पुन्हा एकदा वाचले. एवढ्याशा चढाला पाच घोडे जातात, तर त्या खिंडीत किती, हे त्याचं त्यालाच कळलं होतं. "चुकलं माझं, ताई."

"मला नका सांगू. ज्यांना सांगितलं त्यांना सांगा."

त्याने तिथेच उभं राहून दुसरा व्हिडिओ केला. स्वतःची चूक, पुडा, दम, मीटर, सगळं सांगितलं. मग ताई माझ्याकडे वळली. "आता तू."

इंजिनाचं जुनं पॅकिंग खरवडायची तिची पट्टी घेऊन मी चाळीस पत्रकं खरवडली. बादली साहेबाने धरली. बँकेसमोरच्या कंपाउंडवर 'जाब दे' अजून पुसट वाचता येतं. तिथे मी पुन्हा जाणार आहे.

त्याचा दुसरा व्हिडिओ पहिला जिथून निघाला त्याच ग्रुपवर गेला, चार अंगठे मिळाले आणि तिथेच मेला. पहिला अजून फिरतो. गेल्या आठवड्यात तो सोलापूरच्या मावशीकडून मलाच आला, हसऱ्या तोंडांसकट. गेलेल्या दोन गिऱ्हाइकांपैकी एकही परत आलेलं नाही.

तेव्हा तुम्ही, हे वाचणारे. बर्फ, लाल गाडी, फुगलेला पुडा. तो व्हिडिओ तुमच्याकडे आला असेल आणि तुम्ही पुढे ढकलला असेल, तर आज मोबाईल काढा. ज्याला ज्याला पाठवला त्या प्रत्येकाला लिहा : गाडीत खोट नव्हती, नागापूरच्या बाईचं काम चोख होतं. मी माझं खरवडलं. तुम्ही तुमचं खरवडा.