महिपतची बंदूक आणि संध्याकाळचा ताप

“बंदूक बिघडलीय.”

“सकाळी नाय बिघडत? रोज संध्याकाळचीच बरी बिघडते.”

“उन्हानं तापते ती.”

“घरात खुंटीला असते. ऊन काय खुंटीवर येऊन बसतं?”

महिपतनं उत्तराला तोंड उघडलं तर आतून खोकलाच आला. सकुबाईनं ताप मोजायची ती बंदूक नवऱ्याच्या कपाळासमोर धरली.

“बघ, सत्त्याण्णव,” महिपत खूश झाला. “आहे का ताप?”

“आता नाय. काल दिवे लागले तवा शंभर. परवा त्याच्यावर. महिना होत आला, हेच चाललंय.”

“म्हणून तर बोलतो, संध्याकाळी बिघडते.”

आटगावपासून आत असलेल्या त्यांच्या गावानं कोरोनात वेशीवर बांबू आडवा बांधला होता. तेव्हा महिपतच्या हातात ही बंदूक देऊन त्याला बांबूशी उभं केलं. कोरोना गेला, बांबू काढला. महिपतला काढायचं राहून गेलं. तो वेशीवरून सरकत सरकत लग्नाच्या मांडवाच्या दाराशी आला. एका बाजूला अत्तर लावणारा, दुसऱ्या बाजूला महिपत. आधी कपाळाला बंदूक, मग मोठ्यानं आकडा, मग पाहुणा आत. एकदा गर्दीत मुरबाडकडच्या एका मामांचं कपाळ राहून गेलं, तर मामा मांडवाबाहेर जाऊन बसले. “आमाला काय कपाळ नाय?” चौघांनी समजूत घालून त्यांना दाराशी आणलं, मोजलं, तेव्हा ते पानावर बसले.

पुढं आकड्यांवरून रुसवे सुरू झाले. वरपक्षाला अठ्ठ्याण्णव आणि आमाला सत्त्याण्णव, हे कसं? तेव्हापासून महिपतनं पडद्याकडे बघणंच सोडलं. व्याह्यांना नव्याण्णव, सोयऱ्यांना अठ्ठ्याण्णव, आणि ओळखीचं कोणी नसलं तर नव्वदवर भागवायचा. नव्वदवाले मुकाट जेवून जायचे.

आज गावातल्या जगनच्या मुलीचं, मनस्वीचं लग्न होतं. महिपत इस्त्रीचा सदरा घालून तयार होता. सदरा अंगावर झुलत होता.

“गेल्या दिवाळीत हाच सदरा पोटावर बसत नव्हता,” सकुबाई म्हणाली. “मैनाताई काय बोलली? ताप सकाळी उतरतो, संध्याकाळी चढतो, वर खोकला, अंग वाळलेलं. असा ताप घरी ठेवायचा नाय. शहापूरला दवाखान्यात थुंकी तपासा. क्षय निघाला तर गोळ्या आहेत, लवकर कळला तर बराच.”

मैनाताई म्हणजे गावची आशाताई. बंदुकीवरून तिचं आणि महिपतचं कधी पटलं नव्हतं.

“तिला माझा मान बघवत नाय गो. संध्याकाळी दारात उभं राहिलं की मान चढतो, तोच बंदुकीत दिसतो.”

“आणि खोकला? तोबी मानाचाच?”

महिपत सदऱ्याच्या गुंड्या लावत राहिला.

“बरं,” सकुबाईनं पदर खोचला. “बंदूक बिघडली तर बिघडली. जगनदादाला सांगून येते, आज दारात मोजणार नाय.”

“त्याला कशाला सांगतेस? बंदूक चांगली आहे.”

“चांगली ना? मग ताप खरा.”

महिपत थांबला. इतक्या सरळ रस्त्यानं आपण इथं कसे आलो, ते त्याला कळेना.

“मी लांबून मोजीन,” तो म्हणाला.

“लांबून ती चालत नाय. दारात लहान पोरं असतात, त्यांच्या तोंडावर खोकाल.”

“मी नसलो तर मुरबाडचे मामा आत येतील का?”

“ते नाय आले तर त्यांचं जेवण उरंल. तुमी नसलात तर माझं काय उरंल?”

महिपतनं तिच्या हातातली बंदूक घेतली, खुंटीला अडकवली. टॉवेल तोंडाभोवती गुंडाळला, चपला घातल्या. दारातून वर गेलं की जगनचा मांडव, खाली उतरलं की शहापूरच्या जिपा. वर स्पीकरवर कोणीतरी त्याच्या नावानं हाका मारत होतं.

“अवो, काय ते बोला तरी,” सकुबाई म्हणाली.

तो खाली उतरायला लागला.